एक दात, दोन वस्ताद

तीन वर्षांपूर्वी ऐन गणपतीत माझी खालची अक्कलदाढ ठणकू लागली. डॉक्टरांनी पाच दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या. तिसऱ्या दिवशी ठणका थांबला, म्हणून मी गोळ्या बंद केल्या आणि मोदक सुरू केले. विसर्जनाच्या आदल्या रात्री उजवा गाल असा टम्म फुगला की आरशात बघून माझं मलाच हसू आलं. पण हसायला जबडा उघडेना. सकाळी डॉक्टरांनी भराभर विचारलं, तोंड किती बोटं उघडतंय? गिळताना त्रास होतो का? जिभेखाली ताठरल्यासारखं वाटतंय? मग हनुवटीखाली दोन्ही बाजूंना बोटांनी चाचपून म्हणाले, "थोडक्यात वाचलात. मला लुडविगची शंका आली होती."

"पांचो व्हिला," मी सुजलेल्या तोंडातून म्हणालो. ताप डोक्यात गेला असावा, अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

त्यांना काय सांगणार? हे नाव माझ्या डोक्यात वीसेक वर्षं घर करून होतं. मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं मिळायची तेव्हा मी तिथून एक जाडजूड, कणा सुटलेलं पुस्तक उचललं होतं: नॅट फ्लायशरची 'रिंग रेकॉर्ड बुक'. जगभरच्या मुष्टियोद्ध्यांच्या लढतींच्या याद्या त्यात छापलेल्या. गोष्ट नाही, वर्णन नाही. तारीख, प्रतिस्पर्धी, गाव, किती फेऱ्या, निकाल, संपलं. रेल्वेचं वेळापत्रक वाचण्यात ज्यांना आनंद मिळतो त्या जातीचा मी वाचक. आधीच्या मालकानं त्यात जागोजागी पेन्सिलीच्या खुणा केल्या होत्या. त्या कशासाठी, हे शोधण्यातच माझे कित्येक रविवार गेले.

अशाच एका रविवारी लक्षात आलं की एकच लढत पुस्तकात दोन ठिकाणी आहे. तसं ते असणारच. दोन माणसांशिवाय लढत होत नाही. पण एका यादीत ती सुरुवातीच्या भागात आहे आणि तिच्याखाली पुढची अकरा वर्षं पसरली आहेत. दुसऱ्या यादीत ती शेवटची ओळ आहे. तारीख ४ जुलै १९२५. पहिली यादी जिमी मॅक्लार्निनची, दुसरी पांचो व्हिलाची.

मॅक्लार्निनला 'आयरिश' म्हणायचं, कारण त्याच्या प्रत्येक पोस्टरवर तसं लिहिलेलं असे. जन्म १९ डिसेंबर १९०७चा, उत्तर आयर्लंडच्या डाऊन परगण्यातल्या हिल्सबरोचा. पोरगा तीन वर्षांचा असताना घर उठून कॅनडाला गेलं. आधी सस्कॅचवनमधलं मॉर्टलॅक, तिथल्या गव्हाच्या शेतीत काही जमेना म्हणून मग व्हँकुव्हर. भावंडं डझनभर. वडिलांचं जुन्या फर्निचरचं दुकान. जिमी रस्त्यावर वर्तमानपत्रं विकायचा आणि चांगल्या कोपऱ्यासाठी इतर पोरांशी मारामाऱ्या करायचा. म्हणजे आयर्लंडची त्याची आठवण बोटावर मोजण्याएवढीसुद्धा नसणार. त्यात घराणं प्रोटेस्टंट. पुढे न्यू यॉर्कचे कॅथलिक आयरिश लोक 'आपला पोरगा' म्हणून छत फाटेस्तोवर ओरडत, तेव्हा त्यांतल्या कितीजणांना हे ठाऊक होतं कोण जाणे. बॉक्सिंगच्या धंद्यात जात ही छापखान्यात ठरते, हे माझं जुनं मत आहे आणि मॅक्लार्निन त्याचा उत्तम पुरावा.

व्हँकुव्हरच्या गोदीवर चार्ल्स फॉस्टर नावाचा एक इंग्रज काम करायचा. तरुणपणी तो स्वतः ठोसे खाऊन आणि देऊन पोट भरत असे. पहिल्या महायुद्धात जखमी होऊन परतला होता. सगळे त्याला 'पॉप' म्हणत, म्हणजे बाबा. त्यानं हा पोरगा हेरला आणि त्याच्यासाठी घरच्या घरी छोटीशी व्यायामशाळा उभी केली. आपल्याकडे ज्याला वस्ताद आणि पट्ठा म्हणतात, तेच हे नातं. तालमीतला पट्ठा जसा वस्तादाच्या घरचा होऊन जातो, तसा जिमी पॉपचा झाला. दोघांमध्ये कधी लेखी करार झाला नाही. ज्या धंद्यात मॅनेजर आपल्याच खेळाडूचं रक्त शोषून घेतो, अशी कीर्ती होती (आणि ती खोटी नव्हती), तिथे हा तोंडी व्यवहार पुढे दंतकथा झाला.

पॉपनं पोराला पहिली कित्येक वर्षं शिकवलं ते मार कसा चुकवायचा हे. मारायचं कसं, ते नंतर. हात जगातल्या सगळ्यांना असतात, पाय थोड्यांना, असा काहीसा त्याचा हिशेब असावा. डावा हात पुढे, उजवा हनुवटीशी, आणि सतत अर्धं पाऊल मागे. ज्या ठोशासाठी मॅक्लार्निन प्रसिद्ध झाला, तो पॉपच्या अभ्यासक्रमात शेवटच्या इयत्तेत होता.

१९२३ साली व्हँकुव्हरमध्ये त्यानं पैसे घेऊन लढायला सुरुवात केली आणि १९२४मध्ये वस्ताद-पट्ठा दोघं कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीकाठी येऊन दाखल झाले. वय सोळा, चेहरा तेरा वर्षांच्या मुलाचा. आयोजक त्याच्याकडे बघून म्हणत, याला शाळेत पाठवा. पॉप वय वाढवून सांगायचा. पण गोबरे गाल काही वाढवता येत नव्हते. 'बेबी फेस' हे बिरूद त्याला चिकटलं ते याच काळात. पुढे त्याच्या ठोशांची करामत दिसू लागल्यावर त्या नावामागे वर्तमानपत्रांनी 'मारेकरी' हा शब्दही जोडला.

आता या यादीतली एक गंमत. १९२४मधल्या कॅलिफोर्नियातल्या त्याच्या लढती चारचार फेऱ्यांच्या आहेत आणि १९२५ उजाडल्यावर एकदम दहा फेऱ्यांच्या. सुरुवातीला मला वाटलं, पोरगा तयार झाला म्हणून. तसं नव्हतं. १९१४ साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी मोठ्या इनामी लढतींवर बंदी घातली होती. उरल्या होत्या चार फेऱ्यांच्या चुटपुटत्या झुंजी. नोव्हेंबर १९२४मध्ये त्याच मतदारांनी ती बंदी उठवली, लांब लढतींना परवानगी दिली आणि देखरेखीला सरकारी आयोग नेमला. म्हणजे एका मतपेटीनं एका रात्रीत सतराव्या वर्षातल्या पोराच्या कामाचे तास अडीचपट केले. चार फेऱ्यांमध्ये धसमुसळेपणा चालून जातो. दहा फेऱ्यांत छाती, डोकं आणि पाय तिन्ही लागतात. पॉपचा तो मागे सरकण्याचा अभ्यासक्रम नेमका आता कामी येणार होता.

कुस्तीच्या फडात जोड लावणारा माणूस सगळ्यात महत्त्वाचा. कोणाला कोणासमोर उभं करायचं, यावर पोराचं आयुष्य ठरतं. पॉप हा जोड लावण्यात वाकबगार म्हणून गाजला, आणि इथेच माझी त्याच्याशी पहिली तक्रार आहे. यादी बघा. फिडेल लाबार्बा, १९२४च्या पॅरिस ऑलिम्पिकचा सुवर्णपदक विजेता. त्याच्याशी तीनदा: दोन जिंकल्या, एक बरोबरी. मग नुसता ऑलिम्पिक विजेता नाही, तर प्रत्यक्ष जगज्जेता: पांचो व्हिला. काळजीवाहू वस्ताद म्हणून ज्याचे गोडवे गातात, त्यानं साडेसतरा वर्षांच्या पोराची जोड ही अशी लावली.

हा पांचो व्हिला म्हणजे मेक्सिकोचा क्रांतिकारक नव्हे. याचं खरं नाव फ्रान्सिस्को गिल्येदो, फिलिपिन्सच्या नेग्रोस बेटावरच्या इलोग गावचा, १ ऑगस्ट १९०१चा. उंची पाच फूट एक इंच. मनिलामध्ये फ्रँक चर्चिल नावाचा अमेरिकन आयोजक टेट बंधूंबरोबर बॉक्सिंगचा धंदा चालवायचा. तो या पोराला घेऊन १९२२मध्ये अमेरिकेला आला. त्याच सप्टेंबरात व्हिलानं जॉनी बफला पाडून अमेरिकेचं फ्लायवेट अजिंक्यपद घेतलं. आणि १८ जून १९२३ रोजी न्यू यॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर, वेल्सच्या जिमी वाइल्डला सातव्या फेरीत झोपवून तो जगज्जेता झाला. आशियातला पहिला. वाइल्ड हा फ्लायवेटमधला तोवरचा सर्वश्रेष्ठ मानला जाई. त्या रात्रीनंतर तो पुन्हा लढला नाही.

त्या वेळी फिलिपिनो माणूस अमेरिकेत असायचा मोठ्या विचित्र दर्जानं. देश अमेरिकेच्या ताब्यात, म्हणून तो परकीय नव्हे. पण नागरिकही नव्हे. कॅलिफोर्नियाच्या मळ्यांत वाकून भाजी खुडणाऱ्या या लोकांसाठी पाच फूट एक इंचाचा तो माणूस म्हणजे काय असेल, याची कल्पना आपल्याला यायला हरकत नाही. आपणही साहेबाच्या राज्यात गामाच्या लंडनवारीच्या बातम्या छातीशी धरल्याच होत्या. व्हिला रेशमी कपडे घालायचा, पाण्यासारखा पैसा उधळायचा, मित्रांचा गोतावळा पोसायचा. लढण्याची तऱ्हाही तीच: एकदा घुसला की हातांची चक्की थांबत नसे.

तर ४ जुलै १९२५. अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, सुट्टी, ऊन. ओकलंडला खेटून असलेल्या एमरिव्हिलचं बेसबॉलचं मैदान, दहा फेऱ्या, अजिंक्यपद पणाला नाही. दोन्ही बाजूंना सोयीची लढत: पोराला नाव, जगज्जेत्याला पैसा. (पुढे १९४६ साली अमेरिकेनं फिलिपिन्सला स्वातंत्र्य दिलं तेही ४ जुलैलाच. इतिहासाला तारखांची चणचण असावी.)

लढतीच्या आधीच्या दिवसांत व्हिलाचा चेहरा सुजू लागला होता. एक दात सडून पू धरला होता. त्या वेळच्या वर्तमानपत्रांनुसार त्याच दिवशी सकाळी तो दंतवैद्याकडे जाऊन दात उपटून आला. लढत पुढे ढकलली गेली नाही. व्हिला स्वतःच लढण्यावर अडून बसला. दुपारी रिंगणात उतरला आणि बहुतेक सगळा वेळ एक हात गालावर धरून लढला.

इथे मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो, आणि दाढ सुजल्यानंतर तर पुन्हा एकदा. दात काढल्यावर चार-पाच तास काय अवस्था असते, ज्यानं काढलाय त्याला ठाऊक आहे. साधी वाऱ्याची झुळूक गालाला लागली तरी जीव जातो. आणि इथे सहा औंसांच्या आसपासच्या हातमोज्यांतून ठोसे येताहेत. ज्याच्या दोन हातांची चक्की जगप्रसिद्ध, तो एका हातानं लढतोय. आणि तरी तो दहाही फेऱ्या उभा राहिला. गुणांवर मॅक्लार्निन जिंकला.

दोन-तीन दिवसांनी व्हिला पुन्हा दंतवैद्याकडे गेला. आणखी एक दात काढताना आत पसरलेला संसर्ग दिसला, म्हणून आणखी तीन काढले. अंथरुणात पडून राहा, असं सांगितलं. व्हिलानं ऐकलं नाही. मित्रांबरोबर आठवडाभर मौज चालली. (हे वाचताना मला मोदक आठवले. त्याला बेजबाबदार म्हणण्याचा अधिकार मी तेव्हाच सोडून दिला.) १३ जुलैला त्याच्या ट्रेनरनं, व्हायटी एकवर्टनं, धावतपळत त्याला सॅन फ्रान्सिस्कोच्या रुग्णालयात नेलं, तोवर विष गळ्यात उतरलं होतं. शस्त्रक्रियेच्या टेबलावरच तो बेशुद्धीत गेला आणि १४ जुलैला संपला. चोविसावा वाढदिवस अडीच आठवड्यांवर होता.

रोगाचं नाव लुडविगचा अँजायना. विल्हेल्म फ्रीडरिश फॉन लुडविग या जर्मन डॉक्टरानं १८३६मध्ये त्याचं वर्णन केलं. हृदयाशी त्याचा काही संबंध नाही. बहुधा खालच्या दाढेतून निघालेला संसर्ग जिभेखालच्या जागेत दोन्ही बाजूंनी पसरतो, तोंडाचा तळ लाकडासारखा ताठ होतो आणि वर उचलला जातो. जीभ मागे ढकलली जाते. माणूस पूमुळे मरतो त्याआधी श्वास कोंडून मरू शकतो, आणि म्हणूनच अशा रुग्णाला भूल देणं हे आजही जोखमीचं काम आहे. डॉक्टर माझ्या हनुवटीखाली दोन्हीकडे का चाचपत होते ते आता कळलं असेल. फ्लेमिंगला पेनिसिलिन दिसलं १९२८मध्ये, आणि ते सर्वसामान्य रुग्णापर्यंत पोचायला चाळीसचं दशक उजाडलं. माझ्या खिशात साठसत्तर रुपयांची पट्टी होती आणि मी ती अर्धी टाकून दिली होती.

व्हिलाचा देह मनिलाला परत नेला गेला. तिथल्या उत्तर स्मशानभूमीत तो आहे. रिकामं पडलेलं जागतिक अजिंक्यपद अखेर १९२७मध्ये निर्विवादपणे मिळालं फिडेल लाबार्बाला, त्याच, ज्याच्याशी मॅक्लार्निन तीनदा झुंजला होता. लाबार्बा अजिंक्यपद सोडून स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकायला निघून गेला. मला हा माणूस फार आवडतो, पण त्याच्यावर लिहायचं तर वेगळा लेख.

इकडे मॅक्लार्निनची यादी पुढे चालूच. नोव्हेंबर १९२५, लॉस एंजेलिस, जॅकी फील्ड्स. हाही पॅरिसचा सुवर्णपदकवाला. तिथे जिंकला तेव्हा सोळा वर्षांचा होता. आता दोघंही सतरा. दुसऱ्या फेरीत फील्ड्सचा जबडा मोडला. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असायचं वय दोघांचं. बड टेलरशी तीनदा, त्यांत दोनदा हार. १९२६ हे वर्ष एकूण ओढगस्तीचं, त्यात रेंगाळण्यासारखं काही नाही. पोरगा उंच होत होता, वजन वाढत होतं, दर सहा महिन्यांनी जुने कपडे आखूड व्हावेत तसे वजनगट आखूड होत होते. एकावन्न किलोच्या आसपास सुरुवात केलेला हा मुलगा शेवटी साडेसहासष्ट किलोच्या गटाचा जगज्जेता झाला, यावरून काय ते समजा.

ऑक्टोबर १९२७, शिकागो. समोर लुई 'किड' कॅप्लन, माजी फेदरवेट जगज्जेता. सुरुवातीलाच कॅप्लननं मॅक्लार्निनचा जबडा मोडला. मोडक्या जबड्यानं तो लढत राहिला आणि आठव्या फेरीत त्यानं कॅप्लनला आडवं केलं. ही लढत त्याच्या शौर्याची म्हणून सांगितली जाते. मी ती वाचतो तेव्हा मला दोन वर्षांपूर्वीचा एमरिव्हिलचा सुजलेला गाल दिसतो. तो हरला म्हणून मूर्ख, हा जिंकला म्हणून शूर.

फेब्रुवारी १९२८मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनवर सिड टेरिसला पहिल्याच फेरीत पाडल्यावर न्यू यॉर्क त्याचं झालं. तिथे ज्यू आणि आयरिश वस्त्या शेजारी शेजारी, दोन्हीकडचे पोरगे ठोसे मारून गरिबीतून बाहेर पडू पाहणारे. आयोजकांना हे भांडण म्हणजे दुभती गाय. फील्ड्स, कॅप्लन, टेरिस हे सगळे ज्यू. तेव्हा मॅक्लार्निनला 'ज्यूंचा कर्दनकाळ' अशा अर्थाची किळसवाणी बिरुदं लावून तिकिटं खपवली गेली. मे १९२८मध्ये सॅमी मँडेलनं त्याला लाइटवेट अजिंक्यपदाच्या लढतीत धडा शिकवला, तो भाग मी ओलांडून जातो, कारण मला पोचायचंय त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात डेट्रॉइटला.

समोर रे मिलर, हाही ज्यू. मिलरचा डावा हुक मॅक्लार्निनच्या चेहऱ्यावर पुन्हा पुन्हा बसला. सात फेऱ्यांनंतर मॅक्लार्निनच्याच कोपऱ्यातून लढत सोडून देण्यात आली. सगळ्या कारकिर्दीत निर्धारित फेऱ्यांपूर्वी तो हरला, तो एवढा एकदाच. पुढच्या मार्चमध्ये त्यानं मिलरला हरवलं.

आता माझा आणि पॉपच्या भक्तांचा वाद. ते म्हणतात, हा बघा आदर्श वस्ताद: वेळेवर थांबवतो, पैसा राखतो, पोराला माणूस म्हणून वागवतो. सगळं खरं. डेट्रॉइटला थांबवलं, हेही खरं. पण शिकागोला मोडक्या जबड्यानं सहा-सात फेऱ्या लढू दिलं तेव्हा हाच पॉप कोपऱ्यात होता. आणि फ्रँक चर्चिल? त्याच्यापाशी लेखी हिशेब होते, सुट्टीची गर्दी होती, अडून बसलेला जगज्जेता होता. लढणारा माणूस नेहमी अडूनच बसतो. मी लढतो म्हणणं हे त्याचं काम. नाही म्हणणं हे वस्तादाचं. चर्चिलनं ते काम केलं नाही, यात मला शंका नाही. पण त्या दोन लढतींत माणसं अदलाबदल करून पाहा: जबडा व्हिलाचा आणि सडका दात जिमीचा. मग संत कोण ठरला असता?

बाकीचं सगळ्यांना ठाऊक असतं. १९३३मध्ये यंग कॉर्बेटला पहिल्या फेरीत पाडून वेल्टरवेटचं जगज्जेतेपद (कॉर्बेटनं ते तीन महिन्यांपूर्वी मिळवलं होतं कोणाकडून? जॅकी फील्ड्सकडून), मग बार्नी रॉसशी तीन लढती, आणि १९३६च्या नोव्हेंबरात, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी, पैसे गाठीशी आणि डोकं शाबूत असताना निवृत्ती. चोपन्न विजय, अकरा पराभव, तीन बरोबरी. पॉप १९५६मध्ये गेला आणि त्यानं आपलं सगळं जिमीच्या नावे ठेवलं. जिमी २८ ऑक्टोबर २००४ला गेला, शहाण्णव वर्षांचा होऊन.

दाढ मी शेवटी काढून टाकली. घरी येऊन कापूस दाबून धरत पुन्हा ते पुस्तक काढलं, कणा आणखी सुटला होता. पेन्सिलीच्या खुणांचं कोडं मला अजून सुटलेलं नाही; आधीचा मालक कुणावर पैसे लावायचा, की नुसताच माझ्यासारखा वेळ घालवायचा, पत्ता नाही. पण व्हिलाच्या पानावर शेवटच्या ओळीखाली त्यानं पट्टी लावून सरळ रेघ मारली आहे, जमाखर्चात बेरजेच्या आधी मारतात तशी. मॅक्लार्निनच्या पानावर त्याच तारखेला खूण नाही. त्याची पहिली खूण आहे ती फील्ड्सच्या नावासमोर.